सीमेवरच्या वस्त्या आणि कागदाआधीचे नागरिकत्व

नागरिकत्व म्हटले की पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला हे कागद डोळ्यांसमोर येतात. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील वस्त्यांत मात्र या शब्दाला गेली शंभर वर्षे आणखी एक अर्थ चिकटला आहे. ज्यांच्याकडे कागद नव्हता, किंवा असूनही ज्यांचे कोणी ऐकत नव्हते, अशा स्त्रियांनी आणि मुलांनी येथे पाणी, मजुरी, शाळा आणि सुरक्षितता यांसाठी सार्वजनिक लढे दिले. त्यातील काही फसले, काही निकालांच्या आणि कायद्यांच्या रूपाने टिकले. टेक्सासमधील एल पासो आणि नदीपलीकडील सिउदाद हुआरेस या जोडशहरांचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे.

दोन देश, एक शहर

१८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहानंतर मेक्सिकोचा मोठा भूभाग अमेरिकेकडे गेला आणि रिओ ग्रांदे नदी टेक्सासची सीमा बनली. सुमारे ३,१४५ किलोमीटर लांबीच्या या सीमेचा निम्म्याहून अधिक भाग म्हणजे ही नदीच. तिच्या उत्तर काठावर एल पासो, दक्षिण काठावर हुआरेस. २०२० च्या जनगणनेत एल पासोची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या पुढे होती, तर हुआरेसची पंधरा लाखांच्या. दोन्ही शहरांचे मध्यवर्ती भाग पुलांनी जोडलेले आहेत. कामाला, बाजाराला, शाळेला, नातेवाइकांकडे जाण्यासाठी हजारो माणसे रोज हे पूल ओलांडतात.

पुलाला लागून असलेला सेगुंदो बारियो आणि त्याच्या पूर्वेकडचा चामिझाल हे एल पासोचे जुने मेक्सिकन मोहल्ले. येथील एकाच घरात वेगवेगळ्या कायदेशीर दर्जाची माणसे राहत असल्याचे आढळते. मुले अमेरिकेत जन्मल्यामुळे अमेरिकी नागरिक, वडील कायम वास्तव्याचा परवाना असलेले, आई विनाकागद आणि आजी पुलापलीकडे. अशा घरात सरकारी कार्यालयात, दवाखान्यात वा शाळेत बोलायचे काम अनेकदा दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे येते, कारण इंग्रजी त्यालाच येते. नागरिकशास्त्राचा पहिला धडा ही मुले पुस्तकातून नव्हे, आईसाठी दुभाष्याचे काम करताना शिकतात.

पुलावरचा नकार

२८ जानेवारी १९१७ ची सकाळ या इतिहासातील पहिला ठळक टप्पा मानली जाते. टायफसच्या साथीची भीती दाखवून एल पासोच्या अधिकाऱ्यांनी हुआरेसहून येणाऱ्या मजुरांवर सक्तीचे निर्जंतुकीकरण लादले होते. कपडे उतरवून वाफेच्या यंत्रात टाकायचे, केसांना रॉकेल आणि व्हिनेगर चोळायचे, अंघोळ करायची आणि मगच पुढे कामाला जायचे. विवस्त्र स्त्रियांची कर्मचारी छायाचित्रे काढतात, अशी बोलवा पसरली होती. आदल्या वर्षी एल पासोच्या तुरुंगात अशाच ज्वालाग्राही द्रवाने कैद्यांना अंघोळ घालताना भडका उडून अनेक कैद्यांचा होरपळून मृत्यू झाला होता. ती आठवण ताजी होती.

त्या सकाळी सांता फे पुलावर ट्रामने आलेल्या कार्मेलिता तोरेस या सतरा वर्षांच्या मुलीने अंघोळीस नकार दिला. ती एल पासोत घरकाम करणारी मोलकरीण होती. तिने ट्राममधील सुमारे तीस प्रवाशांनाही आपल्या बाजूला वळविले. दुपारपर्यंत पुलावर जमलेल्या हजारोंच्या गर्दीत बहुसंख्या स्त्रियांची होती. त्यांनी ट्राम अडविल्या, रस्ता रोखला, दोन्ही देशांच्या सैनिकांना दाद दिली नाही. काही दिवसांत हा उठाव मोडून काढण्यात आला आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत पुढे कित्येक दशके चालू राहिली. कार्मेलिताचे नाव मात्र अनेक वर्षे विस्मरणात गेले होते. इतिहासकार डेव्हिड दोरादो रोमो यांच्या २००५ मधील ‘रिंगसाइड सीट टू अ रेव्होल्यूशन’ या पुस्तकामुळे ते पुन्हा चर्चेत आले.

ही मुलगी अमेरिकेची नागरिक नव्हती, मतदारही नव्हती. स्वतःच्या देशातही स्त्रियांना मताधिकार मिळण्यास त्या वेळी अवकाश होता. मेक्सिकोत तो राष्ट्रीय पातळीवर १९५३ साली मिळाला. तरीही तिने मांडलेला प्रश्न नागरिकत्वाचाच होता. ज्या शहराची घरे आपण झाडतो-पुसतो, त्या शहराने आपल्याशी कसे वागावे, हे ती विचारत होती.

शिवणयंत्रांवरील लढे

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर एल पासो हे तयार कपड्यांच्या उद्योगाचे मोठे केंद्र बनले. १९७२ च्या मे महिन्यात फराह कंपनीतील सुमारे चार हजार कामगारांनी संघटना स्थापन करण्याच्या हक्कासाठी संप पुकारला. संपकऱ्यांत बहुसंख्य मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी देशभर फराहच्या पँटवर बहिष्कार टाकण्यात आला आणि एल पासोचे कॅथलिक बिशप सिडनी मेट्झगर यांनीही त्यास उघड पाठिंबा दिला. जवळपास दोन वर्षांनी, १९७४ च्या प्रारंभी, कंपनीने संघटनेला मान्यता दिली. घराबाहेर कधी न बोललेल्या अनेक स्त्रियांनी या काळात सभांत भाषणे केली, दूरच्या शहरांत जाऊन बहिष्काराचा प्रचार केला.

या अनुभवातून १९८१ मध्ये ‘ला मुहेर ओब्रेरा’ म्हणजे ‘कामगार स्त्री’ ही संस्था उभी राहिली. छोट्या शिवणकारखान्यांत मजुरी बुडविण्याचे प्रकार सर्रास होत. १९९० साली या स्त्रियांनी शिवणयंत्रांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले आणि या प्रश्नाकडे लक्ष वेधले. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार लागू झाल्यावर कारखाने सीमेपलीकडे गेले आणि एल पासोतील हजारो शिलाई कामगार स्त्रिया बेकार झाल्या. मध्यमवयीन, इंग्रजी न येणाऱ्या या स्त्रियांना दुसरे काम मिळणे कठीण होते. संस्थेने मग चामिझाल भागात पाळणाघर, उपाहारगृह आणि बाजार सुरू केला. मागणीपासून उभारणीपर्यंतचा हा प्रवास सीमेवरील अनेक महिला संघटनांत दिसतो.

पुलापलीकडे, हुआरेसमध्ये, याच उद्योगाची दुसरी बाजू होती. १९६५ च्या सीमा औद्योगिकीकरण कार्यक्रमानंतर तेथे ‘माकिलादोरा’ म्हणून ओळखले जाणारे जोडणी कारखाने उभे राहिले. सुरुवातीच्या दशकांत तेथील कामगारांत तरुण मुलींचे प्रमाण फार मोठे होते. त्यांच्यासाठी गियेर्मिना वाल्देस दे विल्याल्वा यांनी १९६८ मध्ये ‘कोमो’ हे कामगार स्त्रियांचे मार्गदर्शन केंद्र सुरू केले. या केंद्राच्या मदतीने शहराच्या कचराकुंडीवर काम करणाऱ्या कचरावेचकांनीही १९७५ मध्ये आपली सहकारी संस्था स्थापन केली.

नळ येईपर्यंत

एल पासोच्या बाहेर, वाळवंटात आणि शेतजमिनींवर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘कोलोनिया’ नावाच्या वसाहती वाढल्या. टेक्सासमध्ये अशा दोन हजारांहून अधिक वसाहती असून तेथील लोकसंख्या चार ते पाच लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. शहरात घर परवडत नाही म्हणून कुटुंबे येथे हप्त्याने प्लॉट घेत. व्यवहार साठेखतासारखा असे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत जमीन विकणाऱ्याच्याच नावावर राही आणि हप्ता चुकला तर भरलेले पैसे व बांधलेले घर दोन्ही हातचे जाण्याचा धोका असे. रस्ते, गटारे आणि पाणी यांची आश्वासने तोंडीच राहत.

पाण्याचा भार अर्थातच स्त्रियांवर पडे. पिंपात साठविलेले पाणी, टँकरची वाट पाहणे, उथळ विहिरी आणि त्यांच्या शेजारीच शोषखड्डे, यामुळे मुलांची पोटाची दुखणी आणि कावीळ नित्याची झाली. आजारी मुलाला दवाखान्यात नेणारी आईच मग पाण्याच्या सभेला येऊ लागली.

या सभांमागे एक निश्चित कार्यपद्धती होती. १९८० च्या दशकात एल पासोत ‘एपिसो’ आणि रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात ‘व्हॅली इंटरफेथ’ या चर्चच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संघटनांनी आधी घरोघरी बैठका घेतल्या. कोणाला काय सोसावे लागते, हे त्यातून पुढे आले. त्यातून तयार झालेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी कायदे, अंदाजपत्रक आणि पाणीपुरवठ्याचे आराखडे वाचायला शिकून घेतले. त्यानंतर निवडणुकीतील उमेदवारांना जाहीर सभेत बोलावले जाई. तेथे उमेदवाराने भाषण करायचे नसे. विचारलेल्या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे आणि ते सर्वांसमक्ष नोंदले जाई. ज्या बाईला मत नव्हते तिलाही या सभेत प्रश्न विचारता येई आणि तिचे मतदार नातेवाईक व शेजारी ते उत्तर ऐकत असत. फार शहराजवळील लास मिल्पास वसाहतीतील कार्मेन अनाया या शिक्षिका या चळवळीच्या अग्रणी नेत्या होत्या. पुढे त्यांचे नाव तेथील एका प्राथमिक शाळेला देण्यात आले.

या दबावाचे फळ १९८९ मध्ये दिसले. टेक्सास विधिमंडळाने आर्थिकदृष्ट्या मागास भागांसाठी पाणी व सांडपाणी योजनेचा कायदा केला. १९८९ आणि १९९१ मध्ये राज्यातील मतदारांनी त्यासाठी एकूण २५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. १९९५ च्या कायद्याने सीमाभागातील जमीन विक्रीच्या करारांवर बंधने आली आणि खरेदीदारांना संरक्षण मिळाले. आरोग्याच्या क्षेत्रात वस्तीतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘प्रोमोतोरा’ म्हणून नेमण्याची पद्धत रुजली. घरोघर जाऊन लसीकरण, मधुमेह, पाण्याची शुद्धता यांविषयी बोलणाऱ्या या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला टेक्सासने १९९९ मध्ये कायद्याची चौकट दिली. शेजारणीला शेजारणीची भाषा कळते, हे त्यांच्या यशाचे साधे कारण होते.

शाळेचे दार

मुलांच्या बाबतीत निर्णायक ठरलेला लढा सीमेपासून दूर, टेक्सासमधील टायलर शहरात लढला गेला. पण त्याचा परिणाम साऱ्या सीमेवर झाला. १९७५ मध्ये टेक्सासने विनाकागद मुलांच्या शिक्षणाचा निधी रोखण्याची मुभा देणारा कायदा केला. त्याच्या आधारे टायलरच्या शाळा मंडळाने १९७७ मध्ये अशा मुलांकडून वर्षाला एक हजार डॉलर शुल्क मागितले. काही मेक्सिकन कुटुंबे न्यायालयात गेली. नावे उघड होऊ नयेत म्हणून त्यांना ‘डो’ हे कल्पित आडनाव देण्यात आले आणि सुनावणी मुद्दाम भल्या पहाटे ठेवण्यात आली. न्यायालयातूनच आपल्याला देशाबाहेर काढतील, या भीतीने काहींनी सामान गाडीत भरूनच आणले होते.

१५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी या मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिलेल्या या निकालाचा मथितार्थ असा, की आईवडिलांच्या कृतीची शिक्षा मुलांना देता येणार नाही आणि देशात राहणाऱ्या मुलांचा एक कायमचा निरक्षर वर्ग निर्माण करण्यात राज्याचे हित नाही. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालामुळे अमेरिकेतील सरकारी शाळेचे दार लाखो मुलांसाठी उघडे राहिले.

दार उघडे असले तरी शाळेपर्यंतची वाट सुरक्षित नव्हती. चामिझाल भागातील बोवी हायस्कूल नदीच्या अगदी जवळ आहे. शाळेच्या आवारात आणि आसपास सीमा गस्तदलाचे जवान केवळ चेहरेपट्टी पाहून विद्यार्थ्यांना अडवीत, कागद मागत. शाळेच्या सहायक फुटबॉल प्रशिक्षकाच्या गाडीवर तर बंदूक रोखण्यात आली. गाडीत विद्यार्थी होते आणि प्रशिक्षक स्वतः अमेरिकी नागरिक होता. १९९२ मध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांनी मिळून गस्तदलाविरुद्ध खटला भरला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायाधीश ल्युशियस बंटन यांनी केवळ मेक्सिकन दिसण्यावरून कोणालाही अडविण्यास मनाई केली. शाळकरी मुलांनी सशस्त्र सरकारी दलाला न्यायालयात उत्तर द्यायला लावल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

या विजयाचा पुढचा अंक गुंतागुंतीचा आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये गस्तदलाचे नवे प्रमुख सिल्व्हेस्त्रे रेयेस यांनी सुमारे चारशे जवान नदीकाठीच रांगेने उभे केले. मोहल्ल्यांतील झडत्या कमी झाल्या. मात्र सीमा ओलांडणारे लोक शहरापासून दूर, जीवघेण्या वाळवंटाकडे ढकलले गेले. रोज पूल ओलांडून कामाला येणाऱ्या अनेक मोलकरणींची रोजीरोटीही त्या दिवसांत बुडाली.

मुलींसाठी रस्त्यावर आलेल्या आया

हुआरेसमधील स्त्रियांकडे आपल्या देशाचे नागरिकत्व होते, पण त्याने त्यांचे रक्षण झाले नाही. १९९३ पासून या शहरात तरुण मुलींच्या खुनांची मालिका नोंदली जाऊ लागली. अनेकजणी कारखान्यात कामाला किंवा शाळेला जाणाऱ्या होत्या. तक्रार द्यायला गेलेल्या आयांना पोलीस ठाण्यात मुलीच्या चारित्र्याविषयीच प्रश्न विचारले जात. एस्तेर चावेस कानो या निवृत्त लेखापाल महिलेने वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून या खुनांची यादी करण्यास सुरुवात केली आणि १९९९ मध्ये पीडित स्त्रियांसाठी ‘कासा आमिगा’ हे केंद्र उघडले. सरकारकडे नसलेली मोजदाद एका बाईने आपल्या टेबलावर केली.

आयांनी संघटना बांधल्या, विजेच्या खांबांवर गुलाबी पार्श्वभूमीवर काळे क्रूस रंगविले, मोर्चे काढले. नोव्हेंबर २००१ मध्ये शहरातील एका कापसाच्या शेतात आठ जणींचे मृतदेह सापडले. त्यांतील तिघींच्या आयांनी आंतर-अमेरिकी मानवाधिकार यंत्रणेकडे दाद मागितली. तिघींपैकी दोघी अल्पवयीन होत्या. १६ नोव्हेंबर २००९ रोजी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने मेक्सिको सरकारला दोषी धरले. मुली बेपत्ता झाल्यावर तातडीने शोध न घेणे आणि तपासात हयगय करणे हा स्त्री म्हणून त्यांच्याशी झालेला भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानुसार त्या जागी स्मारक उभारण्यात आले.

या लढ्याची किंमतही मोजावी लागली. मुलीच्या खुन्याला शिक्षा व्हावी म्हणून झगडणाऱ्या मारिसेला एस्कोबेदो यांची १६ डिसेंबर २०१० रोजी चिवावा शहरात राज्य सरकारच्या मुख्यालयासमोरच गोळ्या घालून हत्या करण्यात आली. तेव्हा त्या तेथे धरणे धरून बसल्या होत्या.

जन्मदाखल्याचा हक्क

अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल अमेरिकी नागरिक, ही तरतूद १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत आहे. तरीही २०१० नंतरच्या दशकात टेक्सासच्या सीमाभागातील नोंदणी कार्यालयांत विनाकागद आयांना मुलांचे जन्मदाखले नाकारले जाऊ लागले. मूल टेक्सासच्या रुग्णालयात जन्मले, याबद्दल वाद नव्हता. आईने दाखविलेले मेक्सिकन वकिलातीचे ओळखपत्र चालणार नाही, एवढाच आक्षेप होता. दाखला नाही म्हणून शाळेत नाव घालणे, वैद्यकीय मदत मिळविणे, अगदी बाप्तिस्मा करणेही अडू लागले.

२०१५ मध्ये या आयांनी राज्य सरकारविरुद्ध खटला भरला. सेझार चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांनी स्थापन केलेली ‘लुपे’ ही संघटना त्यांच्यासोबत होती. जुलै २०१६ मधील तडजोडीनुसार राज्याने मेक्सिकोचे मतदार ओळखपत्र आणि अन्य काही कागदपत्रे ग्राह्य धरण्याचे मान्य केले. स्वतःला कोणताही कागद मिळण्याची आशा नसताना मुलाच्या कागदासाठी न्यायालयात नाव देणे, यात किती जोखीम होती हे सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी एल पासोतील ‘बॉर्डर नेटवर्क फॉर ह्यूमन राइट्स’ या संस्थेने नदीच्या कोरड्या पात्रात विभक्त कुटुंबांच्या भेटी घडविण्यास सुरुवात केली. वर्षानुवर्षे न भेटलेल्या मायलेकरांना तेथे अवघी तीन मिनिटे मिळत. २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने सीमेवर मुलांना पालकांपासून वेगळे केले आणि एल पासोजवळ टोर्नियो येथे अल्पवयीनांसाठी तंबूंची छावणी उभारली, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहण्यास याच वस्त्यांतील संघटना पुढे आल्या. जानेवारी २०१९ मध्ये ती छावणी रिकामी करण्यात आली.

हिशेब अपुराच

एल पासोच्या विद्यापीठात तेव्हा असलेल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक कॅथलीन स्टॉट आणि इरासेमा कोरोनादो यांनी ‘फ्रोंतेरास नो मास’ या २००२ मधील पुस्तकात सीमेपलीकडील सहकार्याचा अभ्यास मांडला आहे. दोन देशांचे कायदे, भाषा आणि नोकरशाही यांमुळे असे सहकार्य अवघड असते. ते टिकते मुख्यतः माणसांच्या परस्पर ओळखी आणि विश्वास यांवर. वस्त्यांतील स्त्रियांचे बळ नेमके येथेच आहे आणि मर्यादाही येथेच. ओळखीच्या आधारे उभी राहिलेली संघटना निधी आटला, कार्यकर्ती थकली किंवा तिला देशाबाहेर पाठविले गेले की डळमळते.

मिळविलेले हक्कही कायमचे नसतात. २०१७ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरांनी कोलोनियांसाठीच्या राज्यस्तरीय समन्वय कार्यक्रमाचा निधी नकाराधिकार वापरून रद्द केला. २०१९ मध्ये मतदारांनी पाणी योजनेसाठी आणखी २० कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली, तरी नळ न पोहोचलेल्या वसाहती शिल्लक आहेत. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी विनाकागद मातांच्या काही मुलांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला. कनिष्ठ न्यायालयांनी तो रोखला आणि त्याच वर्षअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीसाठी स्वीकारले. ज्या हक्कासाठी सीमेवरील आया २०१५ मध्ये नोंदणी कार्यालयाच्या खिडकीशी भांडल्या, तोच हक्क दहा वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला.

अंघोळ, मजुरी, नळ, शाळा, बेपत्ता मुलगी, जन्मदाखला. या इतिहासातील प्रत्येक लढा घरातल्या वाटणाऱ्या प्रश्नातून सुरू झालेला दिसतो. उत्तर काठावरच्या स्त्रियांना कागद नसल्यामुळे आणि दक्षिण काठावरच्या स्त्रियांना कागद असूनही, हा प्रश्न सार्वजनिक आहे हे आधी सिद्ध करावे लागले. ते सिद्ध करण्याची रीत दोन्हीकडे सारखीच होती. शेजारणींना गोळा करायचे, नोंद ठेवायची, अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत हटायचे नाही. कायद्याच्या पुस्तकात त्याला नागरिकत्व म्हणोत वा न म्हणोत, सेगुंदो बारियोपासून हुआरेसच्या टेकड्यांपर्यंतच्या वस्त्यांत पाणी, शाळा आणि न्याय यांतले जे काही पोहोचले, ते बव्हंशी याच वाटेने पोहोचले आहे.